शहरातल्या नाल्यांसाठी पाणीपातळी मापक: आराखडा मुक्त ठेवायचा म्हणजे नेमकं काय काय उघडं करायचं?

पंचगंगाकाठ | ३ मार्च, सकाळी ९:४०

जूनला तीन महिने आहेत, म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे पातळीचे आकडे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ आहेत. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पण कसबा बावड्यातला हा आकडा नदीचा आहे. नदी चढली की जयंती नाल्याला उतार राहत नाही. नाल्याचं पाणी नदीत जायच्या ऐवजी मागं फुगतं आणि वरून पाऊस सुरूच असतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, व्हीनस कॉर्नरला किंवा दुधाळीकडे घरातलं सामान वर चढवायला किती तास उरलेत, हे बंधाऱ्याच्या एका आकड्यावरून कळत नाही. नदीवर सरकारी मोजमाप आहे, तिथं आपण दुसरं यंत्र लावून काही वाढत नाही. नाल्यांवर मात्र हवं.

प्रस्ताव साधा आहे. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला खाली तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), सोबत ईएसपी३२ ही यंत्र चालवणारी चिप आणि लोरा हा कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ. दर १० मिनिटांनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि पाठवायचं. पहिल्या वर्षी चार-पाच ठिकाणं पुरेत.

यंत्र चालवणं त्यामानाने सोपं आहे. असे प्रकल्प मरतात ते तिसऱ्या वर्षी, बनवणारी मुलं पुण्याला नोकरीला गेली की. बंद पडलेल्या डबीत काय आहे, प्रोग्रॅम कुठला, पासवर्ड कोणाकडे, शून्य कुठे धरलंय, काहीच कुणाला माहीत नसतं. म्हणून सुरुवातीलाच मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं या यंत्राला लावून बघू: कुठल्याही कामासाठी वापरणं, आतून समजून घेऊन बदलणं, प्रती वाटणं, बदललेल्या प्रती वाटणं. माझी कसोटी अशी: शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावातल्या वायरमनला, आपल्यापैकी कुणालाही फोन न लावता, हे यंत्र बनवता, दुरुस्त करता आणि त्याच्या ओढ्याला जुळवता आलं पाहिजे. तेवढं झालं तरच आराखडा मुक्त.

यासाठी काय काय उघडं ठेवावं लागेल? परवाना कुठला? जाणकारांनी तपशिलात लिहा.

---

मुक्तपरवाना | ३ मार्च, दुपारी १:१५

परवान्यापासून सुरुवात करतो, कारण पहिली चूक इथेच होते. कोड इंटरनेटवर टाकला आणि परवान्याची फाईल ठेवली नाही, तर तो मुक्त होत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क आपोआप लागू होतो. दुसऱ्याला तो वाचता येईल, पण वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी त्याला मिळत नाही. 'आम्ही सगळं टाकलंय की' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम कायद्याने बंदच असतं.

एका यंत्रात चार वेगळ्या गोष्टी असतात, त्या प्रत्येकीचा परवाना वेगळा घ्या.

यंत्रातला प्रोग्रॅम: जीपीएल आवृत्ती ३, म्हणजे प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना त्याचं सोर्स (माणसाने लिहिलेलं मूळ रूप) द्यायला लावणारा परवाना. ईएसपी३२ ची मूळ चौकट (तयार मिळणारा पायाभूत कोड) अपाचे २.० परवान्याखाली आहे. अपाचे २.० जीपीएल ३ शी जुळतो, पण 'फक्त जीपीएल २' शी जुळत नाही. जुन्या प्रकल्पातली परवान्याची फाईल जशीच्या तशी उचलली की इथेच घोळ होतो. रेडिओ चालवायचा तयार कोड, रेडिओलिब, एमआयटी या सैल अटींच्या परवान्याखाली आहे, तिची अडचण नाही.

सर्व्हरवर आपण लिहू तो भाग: एजीपीएल ३. साध्या जीपीएलमध्ये प्रोग्रॅम कुणाला दिला, तरच सोर्स द्यायचं बंधन येतं. कुणी तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना नुसतं पान दाखवलं, तर 'दिला' असं धरत नाहीत. एजीपीएल ही वाट बुजवतो.

सर्किट आणि यांत्रिक रेखाटनं: सर्न-ओएचएल (सर्न या संशोधन संस्थेचा, यंत्रांच्या आराखड्यांसाठीचा परवाना) आवृत्ती २, त्यातला 'एस' प्रकार. ही आवृत्ती २०२० ची आहे. एस, डब्ल्यू आणि पी असे तीन प्रकार आहेत. 'एस' मध्ये बदल करून यंत्र दिलं, की बदललेला आराखडाही त्याच अटीवर द्यावा लागतो.

पातळीच्या नोंदी: सीसी-बाय ४.०, म्हणजे फक्त श्रेय द्यायची अट. इथे कडक अट नको. वर्तमानपत्रं, महापालिका, महाविद्यालयं सगळ्यांनी विनासायास वापरल्या पाहिजेत.

आणि एक विनंती. 'अव्यावसायिक वापरापुरतं' असं लिहिलेला एनसी परवाना कृपया घेऊ नका. ऐकायला सेवाभावी वाटतो, पण त्याने पहिला अडतो तो पंचगंगाकाठ यांनी सांगितलेला वायरमनच. चार पैसे घेऊन दुरुस्ती केली की तो व्यावसायिक वापर होतो.

---

उद्यमनगर_लेथ | ३ मार्च, रात्री ९:०५

परवान्याचं पटलं. पण आमच्याकडं कुणी पीडीएफ घेऊन आला आणि 'आराखडा खुला आहे' म्हणाला, तर त्याचा उपयोग निम्माच असतो. पीडीएफवरून एक नग निघतो. यंत्र कठड्याला धरणाऱ्या क्लॅम्पचं माप बदलायचं म्हटलं, की सगळं परत काढत बसायचं.

जीपीएलमध्ये सोर्सची जी व्याख्या आहे, म्हणजे 'बदल करायला जे रूप सगळ्यात सोयीचं ते', तीच इथं लावा. सर्किटचं सोर्स म्हणजे किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरची फाईल. गर्बर, बोर्ड बनवणाऱ्याला द्यायची फाईल, म्हणजे छापून झालेला कागद. क्लॅम्पचं सोर्स म्हणजे फ्रीकॅड या यांत्रिक रेखाटनाच्या सॉफ्टवेअरची फाईल, जिच्यात पुलाच्या कठड्याची जाडी एका चौकटीत लिहिली की बाकीची मापं आपोआप सरकतात. थ्रीडी प्रिंटरला द्यायची एसटीएल फाईल नुसता दगड आहे, घडवता येत नाही. दोन्ही ठेवा, पण पहिली असलीच पाहिजे. किकॅड आणि फ्रीकॅड दोन्ही मुक्त आहेत, त्यामुळे फाईल उघडायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

आता क्लॅम्पचं. पुलाला भोक पाडायचं नाही. परवानगी मागायला गेलात की पहिला प्रश्न तोच येतो, आणि भोक नाही म्हटल्यावर अर्ज हलका होतो. ३०४ स्टेनलेसची २५ × ३ मिलिमीटर पट्टी, एम८ बोल्ट, नायलॉक नट. पट्टी आणि काँक्रीटच्या मध्ये ३ मिलिमीटर ईपीडीएम रबर. साधा नट वाहनांच्या थरथरीनं सैल होतो. क्लॅम्प एक मिलिमीटर खाली सरकला की सगळ्या नोंदी एक मिलिमीटरनं चुकतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून कठड्यावर पट्टीच्या कडेला ऑइलपेंटची रेघ मारा. सरकला तर डोळ्याला दिसंल.

डबी थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लॅस्टिक नको. साधारण ६० अंशाला ते मऊ पडतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद डबी तेवढी तापते. एएसए घ्या, नसेल तर पीईटीजी. खरं तर बाजारातली आयपी६५ ची, म्हणजे धूळ-पाणी रोखणारी, जंक्शन बॉक्स सगळ्यात बरी. गावोगावी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

---

पंचगंगाकाठ | ४ मार्च, सकाळी ८:२०

लेथदादा, 'गावोगावी मिळते' हे आराखड्यातच लिहायला हवं. भागांच्या यादीत प्रत्येक भागापुढे दोन रकाने वाढवू: हाच भाग का घेतला, आणि नाही मिळाला तर काय चालेल. नुसता क्रमांक लिहिला की दोन वर्षांनी तो भाग बंद होतो आणि यादी निरुपयोगी ठरते.

---

कासारी_खोरे | ४ मार्च, सकाळी ११:३०

सेन्सरबद्दल सविस्तर लिहितो, कारण घात होतो तो इथे.

जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक सेन्सर स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो. ३ ते ५.५ वोल्टवर चालणारी आवृत्ती २.० घ्या, म्हणजे चिपसाठी वोल्टेज उतरवायला वेगळ्या विभाजकाची कटकट नाही. जाहिरातीत पल्ला जास्त लिहितात, पाण्यावर ४ मीटरच धरा. पुलाच्या कठड्यापासून नाल्याच्या तळापर्यंत टेप सोडून मोजा. ४ मीटरपेक्षा जास्त भरलं तर रडार सेन्सर लागेल, त्याची किंमत बरीच जास्त आहे. नदीच्या मुख्य पुलावर अल्ट्रासॉनिकचा विचारही नको. उन्हाळी पातळी ते महापूर हा फरकच १० मीटरच्या पुढे जातो.

जवळची मर्यादा: साधारण २५ सेंटिमीटरच्या आत पाणी आलं की हा सेन्सर खोटं बोलतो. कधी मोठं अंतर दाखवतो, म्हणजे पूर चढलेला असताना पाणी ओसरलंय असं सांगतो. यापेक्षा वाईट चूक नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये नियम ठेवा: अंतर ४० सेंटिमीटरच्या खाली गेलं की 'वरची मर्यादा ओलांडली' ही खूण पाठवायची, आणि सलग तीन वेळा ६० सेंटिमीटरच्या वर खात्रीचं मोजमाप येईपर्यंत ती काढायची नाही.

तापमान: आवाजाचा वेग २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३० अंशाला सुमारे ३४९. दहा अंशाला पावणेदोन टक्के फरक. ४ मीटरवर तो ७ सेंटिमीटर होतो. डीएस१८बी२० हा तापमापक डबीच्या बाहेर, सावलीत, सेन्सरच्या बाजूला लावा. डबीच्या आत लावला तर डबीचं तापमान येतं, हवेचं नाही. दमटपणाचा परिणाम त्यामानाने कमी, तो सोडून द्या.

झोत: सेन्सरचा झोत रुंद असतो. मध्यरेषेपासून २० अंश धरले तरी ४ मीटर खाली तो दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ व्यापतो. त्या वर्तुळात पुलाचा खांब, गटाराचा पाइप, झुडूप आलं की प्रतिध्वनी तिथून येतो आणि पातळी महिनाभर एकाच आकड्यावर थिजते. उपाय म्हणून पीव्हीसी पाइपमधून झोत खाली सोडतात, पण पाइपच्या जोडावरून खोटा प्रतिध्वनी येतो. त्यापेक्षा कंस लांब करून सेन्सर पुलाच्या कडेपासून बाहेर काढा.

नाल्यात फेस, जलपर्णी, थर्माकोल वाहत येतं. एका मोजमापावर विसंबू नका. ६० मिलिसेकंदांच्या अंतराने १५ मोजमापं घ्या, क्रमाने लावा, मधलं घ्या. सरासरी नको, एक खुळा आकडा सगळी सरासरी ओढून नेतो. पंधरापैकी किमान आठ मोजमापं वैध नसतील तर आकडा पाठवायचाच नाही. 'नोंद नाही' असं पाठवायचं, शून्य नाही. शून्य हाही एक आकडाच आहे, आलेखात तो पूर ओसरल्यासारखा किंवा चढल्यासारखा दिसतो.

आणि कोळी. सेन्सरच्या तोंडाशी जाळं झालं की अंतर अचानक ३० सेंटिमीटर येतं. वरच्या नियमाने ते पुराची खूण ठरेल! म्हणून दुसरी अट: १० मिनिटांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त उडी असेल तर 'तपासा' अशी वेगळी खूण. यंत्राने आकडा गिळायचा नाही, बदलायचा नाही. कच्चा आकडा आणि खूण दोन्ही पाठवायचं. निर्णय पाहणाऱ्याने घ्यावा.

---

जुना_राजवाडा | ४ मार्च, दुपारी ४:५०

एक शंका विचारतो. आपण सगळं उघडं केलं, मग एखादा ठेकेदार तोच आराखडा उचलून, वर स्वतःचं नाव छापून, पाचपट भावाने ग्रामपंचायतींना विकेल. मेहनत आपली आणि कमाई त्याची. हे चालवून घ्यायचं का?

---

मुक्तपरवाना | ४ मार्च, रात्री १०:१०

राजवाडा, चालवून घ्यायचं, आणि मनापासून. मुक्त म्हणजे मोफत नाही. विकण्याचं स्वातंत्र्य त्यात पहिल्यापासून आहे. पण तुमच्या शंकेतला खरा भाग वेगळा आहे: ग्रामपंचायत त्या ठेकेदाराशी कायमची बांधली जाईल का?

सर्न-ओएचएल-एस आणि जीपीएल ३ ची अट तिथेच लागू पडते. विकणाऱ्याने घेणाऱ्याला पूर्ण आराखडा आणि सोर्स दिलाच पाहिजे, केलेल्या बदलांसकट. म्हणजे पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी ग्रामपंचायत दुसऱ्याकडे जाऊ शकते. एकदा ही वाट मोकळी असली की पाचपट भाव टिकत नाही, उद्यमनगरच्या कारखान्यांत चार जण तेच यंत्र बनवतील. एक जोड द्या: नाव आणि बोधचिन्ह परवान्यातून वेगळं ठेवा. आराखडा कुणीही वापरावा, पण बदललेल्या यंत्राला आपलं नाव लावायला विचारावं लागेल. नाहीतर त्याच्या यंत्राचा चुकीचा आकडा आपल्या नावावर जाईल.

आपल्या जिल्ह्यात याचं उदाहरण नदीतच उभं आहे. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा: खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरताना खाचांत बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे. ही पद्धत इथल्या नावाने महाराष्ट्रभर गेली, कारण रचना बघून कळते आणि बरगा खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. यंत्राची रचनाही अशी डोळ्याला कळणारी हवी.

आपत्तीच्या कामात मुक्त सॉफ्टवेअर नवीन नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत 'सहाना' ही मदतकार्याची प्रणाली मुक्त परवान्याखाली उभी राहिली आणि पुढे इतर देशांत वापरली गेली. २०१० च्या हैतीच्या भूकंपात ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढायच्या खुल्या नकाशाच्या लोकांनी घरबसल्या नकाशे काढले. २०१८ च्या केरळच्या पुरात 'केरळरेस्क्यू' या मदतीच्या संकेतस्थळाचा कोड खुला असल्यामुळे अनोळखी माणसांनाही त्यात हात घालता आला.

एक कागदोपत्री गोष्ट. अभियांत्रिकीची मुलं मदतीला घेणार असाल तर त्यांचं महाविद्यालय त्या कामावर हक्क सांगतं का, हे आधी विचारा आणि परवान्याला संमती लेखी घ्या. नंतर ती मिळवायला वर्ष जातं.

---

दुधाळी_वीज | ५ मार्च, सकाळी १०:००

सौर पॅनेलचा उल्लेख अजून कुणी केला नाही हे बरं झालं. लावूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ उघडत नाही, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी पॅनेल उपयोगाचं नाही, आणि चोरीला आधी तेच जातं. पावसाळाभर १८६५० आकाराचा एक लिथियम सेल पुरवता येतो. हिशोब देतो.

१० मिनिटांनी एकदा जाग, म्हणजे दिवसात १४४ वेळा. दर वेळी ४ सेकंद, लोराचं प्रक्षेपण धरून सरासरी ६० मिलिअँपिअर. दिवसाचे ९.६ मिलिअँपिअर-तास. उरलेला वेळ गाढ झोपेत ०.०५ मिलिअँपिअर, त्याचे १.२. एकूण ११ धरा. पाणी वेगाने चढताना २ मिनिटांनी मोजायचं, तेव्हा दिवसाला ५० च्या आसपास. जून ते ऑक्टोबर १५० दिवस, त्यातले १५ दिवस वेगाचे: १३५ × ११ अधिक १५ × ५०, म्हणजे सुमारे २२३५. खऱ्या ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये बसतं. 'खऱ्या' म्हणतोय, कारण ९९०० लिहिलेले सेल बाजारात मिळतात आणि त्या आकाराच्या सेलमध्ये तेवढी क्षमता असूच शकत नाही.

पण हे गणित ईएसपी३२ च्या तयार, चाचणीसाठीच्या डेव्हलपमेंट बोर्डवर पार कोसळतं. त्यावरचा वोल्टेज स्थिर ठेवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपिअर खातो, शिवाय यूएसबीची चिप आणि लाल दिवा. ८ मिलिअँपिअर सतत गेले तर दिवसाला २०० आणि सेल १५ दिवसांत संपतो. टेबलावर आठवडाभर चाचणी करणाऱ्याला हे दिसत नाही, पुलावर तिसऱ्या आठवड्यात दिसतं. सुट्टा ईएसपी३२ मोड्यूल घ्या आणि एचटी७३३३ रेग्युलेटर लावा. तो २५० मिलिअँपिअरपर्यंतच पुरतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये वायफाय बंदच ठेवा आणि पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

अल्ट्रासॉनिकचा बोर्ड झोपत नाही, त्याची वीज पी-चॅनल मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने तोडा. तोडायची ती धनबाजू. ऋणबाजू तोडली तर इकोच्या (प्रतिध्वनीचा संकेत आणणाऱ्या) तारेतून वीज झिरपत राहते.

गेटवे, म्हणजे गच्चीवरून सगळ्या यंत्रांचे रेडिओ संदेश गोळा करणारं केंद्र: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासकट सुमारे ५ वॅट, म्हणजे दिवसाला १२० वॅट-तास. १२ वोल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी ६०० वॅट-तास, पाच दिवस. घरच्या इन्व्हर्टरला जोडू नका, तो स्वतःच बरीच वीज खातो. १२ वरून ५ वोल्ट करणारा ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर थेट बॅटरीवर लावा.

पुरात महावितरणचा पुरवठा जातो, मागोमाग मोबाइलचं नेटवर्क. तेव्हा आकडे दूरच्या सर्व्हरवर अडकून उपयोग नाही. चर्पस्टॅक हा लोरावॅन (लोरा यंत्रांचं जाळं चालवायची पद्धत) सर्व्हर मुक्त आहे, तो आणि डेटाबेस दोन्ही त्याच पायवर चालवा. इंटरनेट गेलं तरी गच्चीखालच्या वायफायवर आलेख दिसला पाहिजे. एसडी कार्ड सतत लिहून मरतं, छोटी एसएसडी लावा. अँटेनाची केबल आखूड ठेवा: आरजी-५८ च्या १० मीटरमध्येच निम्म्याहून जास्त शक्ती वाया जाते.

---

शिरोळ_बांध | ५ मार्च, दुपारी ३:२५

आमच्या बाजूला नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगा एकत्र येतात, त्यामुळं पातळीचे आकडे दोन-तीन ठिकाणांहून घेऊन ताडायची सवय आहे. त्यावरून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, फूट-इंच. बंधाऱ्यावरचा आकडा '४३ फूट ६ इंच' असा येतो. कुणीतरी तो ४३.६ असा टाइप करतो. खरा तो ४३.५. '३९ फूट ११ इंच' चे ३९.११ लिहिले, तर पुढच्या माणसाला तो ३९ फूट सव्वा इंच वाटतो, म्हणजे जवळजवळ १० इंचांची चूक. डेटाबेसमध्ये फक्त मिलिमीटर, पूर्णांक. फूट-इंच केवळ पडद्यावर दाखवताना. ३९ ते ४३ म्हणजे १२१९ मिलिमीटर, हे चाचणीच्या फाईलमध्येच टाकून ठेवा, म्हणजे रूपांतराचा कोड कुणी बदलला आणि बिघडवला तर लगेच कळेल.

दुसरी, शून्य. सेन्सर अंतर सांगतो, पातळी सांगत नाही. पातळी म्हणजे सेन्सरच्या तोंडाची उंची वजा अंतर. ती उंची कशावरून धरली? ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावून जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेपासून, समुद्रसपाटीवरची उंची काढा, जाता-येता दोन्ही वेळा, आणि फरक १० मिलिमीटरच्या आत आला तरच घ्या. ती उंची, तारीख, बेंचमार्कचं वर्णन आणि फोटो आराखड्यासोबत प्रसिद्ध करा. सेन्सर बदलला की नवी उंची, नवी तारीख. जुनी खोडायची नाही, नाहीतर मागच्या वर्षीच्या नोंदी चुकीच्या शून्यावर बसतात. कोड खुला आणि शून्य गुप्त असेल, तर त्या नोंदी दुसऱ्याला काहीच कामाच्या नाहीत.

भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून आहेत. त्याच लेव्हलने त्यांचीही उंची काढून ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवा. जागा ठरवताना दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून बिंदू टाकू नका. त्यांच्या अटीत ते बसत नाही आणि नंतर सगळं काढावं लागतं. जीपीएस घेऊन तिथं उभं राहा.

---

अक्षरजुळणी | ५ मार्च, सायंकाळी ७:४०

कागदपत्रांचं माझ्याकडे लागलं तर घेते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली पुस्तिका छापायला सुंदर दिसते, पण शोधता येत नाही, मोबाइलवर अक्षरं फुटतात आणि दुसऱ्याला ती दुरुस्त करता येत नाही. म्हणजे तीही बंदच. पुस्तिका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, कोडच्या शेजारी ठेवूया. प्रोग्रॅम बदलला की त्याच बदलात पुस्तिकेचं वाक्य बदलायचं, नाहीतर बदल स्वीकारायचा नाही.

एसएमएसचा विचार असेल तर: देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं बसतात, रोमनमध्ये १६०. काना-मात्रा वेगळे मोजले जातात. ७० च्या पुढे गेलात की प्रत्येक तुकडा ६७ चा आणि पैसे दुप्पट. 'जयंती नाला: १० मिनिटांत ८ सेंमी चढ. कठड्याखाली १ मी ४० सेंमी.' एवढंच लिहायचं. एकगठ्ठा एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (मोबाइल कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंद) आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो, ते काम मेमध्ये नाही, आत्ताच सुरू करा.

शब्द जपून वापरूया. 'धोका', 'स्थलांतर करा' हे आपण लिहायचं नाही. तो अधिकार जिल्हा प्रशासनाचा आहे आणि मदतीचा क्रमांक १०७७. आपण आकडा द्यायचा, तो कधीचा आहे ती वेळ द्यायची, आणि अर्ध्या तासापेक्षा जुना असेल तर तो राखाडी रंगात दाखवायचा.

---

मुक्तपरवाना | ५ मार्च, रात्री ९:३०

अक्षरजुळणीताई, जुन्या आकड्याचा राखाडी रंग उत्तम. आणखी एक सीमारेषा आत्ताच आखू. नाल्याची पातळी उघडी, पण मदत मागणाऱ्यांची यादी कधीच नाही. पुरात मंडळांकडे नावं, फोन, घरात आजारी कोण आहे अशी माहिती जमते. कोड खुला असणं म्हणजे ही माहिती खुली असणं नव्हे. ती वेगळ्या जागी, मोजक्या लोकांच्या हातात, आणि पाणी उतरल्यावर पुसून टाकायची.

लोरावॅनच्या किल्ल्याही, म्हणजे यंत्रांचे गुप्त संकेतांक, तशाच. कोडमध्ये किल्ली राहिली आणि नंतर ओळ काढली, तरी कोडचे सगळे बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात ती दिसतेच. तशी गेली तर ओळ खोडून भागत नाही, किल्लीच बदला. किल्ल्यांची फाईल वेगळी ठेवा आणि सोबत रिकामा नमुना द्या.

---

उद्यमनगर_लेथ | ६ मार्च, सकाळी ९:१५

डबीत पाणी वरून शिरत नाही, तारेवरून ओघळून ग्लँडमधून, म्हणजे तार आत जाते त्या बुचातून शिरतं. ग्लँड डबीच्या खालच्या बाजूला घ्या आणि तारेला आत जायच्या आधी खाली एक झोळ द्या, थेंब तिथंच पडतो. पूर्ण हवाबंद केली तर दिवसा तापून रात्री थंड होताना आत दव धरतं, म्हणून खाली हवा जाणारा व्हेंट प्लग लावा. सिलिकॉन लावताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातल्या आम्लानं तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतात. न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

क्लॅम्पची फ्रीकॅड फाईल आज संध्याकाळी टाकतो. कठड्याची जाडी १०० ते ३०० मिलिमीटर धरलीय. सर्न-ओएचएल-एस ची ओळ रेखाटनावरच टाकलीय, म्हणजे प्रिंट हातोहात फिरली तरी परवाना सोबत राहील.

---

कासारी_खोरे | ६ मार्च, सकाळी ११:४५

भागांची मागणी नोंदवायच्या आधी एक सांगतो, पहिल्या यादीत '४३३' लिहिलेला लोरा मोड्यूल दिसला. तो नको. आपल्याकडे विनापरवाना लोरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ वापरतात. '८६८' लिहिलेला मोड्यूल घ्या आणि प्रोग्रॅममध्ये आयएन८६५ हा भारतासाठीचा पर्याय निवडा. त्याच्या ठरलेल्या तीन वाहिन्या ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. युरोपचा पर्याय निवडलेला राहिला तर यंत्र पाठवत राहतं आणि गेटवेला काहीच ऐकू येत नाही. तारेची अँटेना करणार असाल तर पाव तरंगलांबी सुमारे ८.७ सेंटिमीटर भरते. अँटेना जोडल्याशिवाय मोड्यूलला वीज देऊ नका, प्रक्षेपणाचा भाग जळू शकतो आणि तो वरून शाबूत दिसतो.

यादी दुरुस्त करून टाकली आहे. पाच यंत्रांचे भाग आणि दोन सेन्सर जास्तीचे धरले आहेत. जयंती नाल्यावरच्या पुलांची कठडा ते तळ मापं कुणी या रविवारी घेणार असेल तर टेपच्या टोकाला अर्धा किलोचं वजन बांधून घ्या, नाहीतर प्रवाहात टेप तिरका जातो आणि माप जास्त येतं.